खर्र्याच्या पन्नीचे तीन रंग

चंद्रपूरच्या नाल्या खर्र्याच्या पन्न्यांनी तुंबतात, हे चंद्रपुरात सगळ्यांना माहीत होतं. ते सिद्ध करण्यासाठी मात्र पीएच.डी. झालेली तीन माणसं नेमण्यात आली. त्यांतला एक मी.

ही या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट आहे. बाहेरगावच्या एका संस्थेने पीएच.डी. झालेल्यांसाठी फेलोशिप काढली होती. तीन वेगळ्या विषयांतल्या तिघांनी एकत्र यायचं, एक शहर निवडायचं, तिथल्या लोकांना छळणारा एक प्रश्न घ्यायचा आणि तो तिघांनी मिळून सोडवायचा. मुदत एक वर्ष. काम पटलं तर आणखी एक. या प्रकाराला आंतरविद्याशाखीय म्हणतात. सायकलच्या दुकानावरची खोली आम्ही कार्यालय म्हणून घेतली. 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द रंगवल्यावर फलक दारापेक्षा बराच रुंद झाला. त्याच्या बाहेर आलेल्या टोकाची सावली खालच्या दुकानदाराने हवेच्या पंपासाठी वापरायला सुरुवात केली. त्या फेलोशिपचा शहराला झालेला हा पहिला लाभ.

आमच्यातला अभियंता सिरोंच्याचा. घरी तेलुगू, बाहेर मराठी. त्याचा प्रबंध सांडपाण्याच्या निचऱ्यावर होता. समाजशास्त्राच्या बाई पुण्याच्या. त्यांचा प्रबंध लोकांच्या खाण्यापिण्याच्या सवयींवर. मी काही वर्षं एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात बातम्या लिहिल्या होत्या आणि जिल्हा बातम्यांच्या भाषेवर प्रबंध लिहिला होता. बाकी दोघांना जे कळेल ते लोकांना कळेल अशा शब्दांत मांडणं, हे माझं काम.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी खर्र्याबद्दल सांगायला हवं. सुपारीचं कात्रण, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालतात आणि पानठेल्यावरच्या लाकडी पाटीवर हाताने घोटतात. त्या प्लास्टिकच्या तुकड्याला पन्नी म्हणतात. त्याच पन्नीची पुडी बांधून गिऱ्हाइकाला देतात. खर्रा संपतो. पन्नी उरते. ती हातातून सुटते आणि जवळची नाली गाठते.

फेलोशिपची एक अट होती. प्रत्येकाने एक महिना दुसऱ्याच्या विषयाचं काम करायचं. त्यामुळे बाई काठी घेऊन नाल्यांची खोली मोजत हिंडल्या आणि अभियंता पानठेल्यांवर मुलाखती घेत बसला. बाईंच्या वहीत पहिल्याच दिवशी आलं, 'नाली ही एक सामाजिक रचना आहे.' अभियंत्याने ते वाचून खाली लिहिलं, 'तिला उतार लागतो.' त्याच्या मुलाखती अशा होत होत्या:

"दिवसाला कमीत कमी किती?"

"असंच, चारपाच."

"जास्तीत जास्त?"

"पाव्हणे आले तं मोजत नाई भाऊ."

"मग सरासरी कशी काढायची?"

"तुमी खर्रा खा, आपोआप निगंल."

आणि माणूस पुडी उघडून त्याच्यासमोर धरत असे. यात वावगं काही नव्हतं. इकडे खर्रा एकट्याने खात नाहीत. पुडी उघडली की शेजारी उभ्या असलेल्यापुढे ती धरायची आणि त्याने चिमूटभर उचलायची, हा रिवाज आहे. नाही म्हटलं तर समोरचा बोलणं थांबवतो. बाईंनी यावर उपाय शोधला होता. त्या चिमूट घेऊन मूठ मिटायच्या आणि नंतर ती पर्समध्ये टाकायच्या. संध्याकाळी पर्स उघडली की सायकल दुकानदाराला शिंका यायच्या. अभियंत्याला ही मूठ मिटण्याची कला जमली नाही. तो खात गेला. त्याचा महिना संपला, मुलाखती संपल्या, तरी दर तासाला तो "उतार बघून येतो" म्हणून खाली जात राहिला.

त्याचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी चामोर्शीजवळची, घरी धानाची शेती. दिवाळीनंतर मुलीचे वडील आमचं कार्यालय पाहायला आले. पांढरं धोतर, हातात छत्री. अभियंत्याने उठून नमस्कार केला आणि तोंडातला खर्रा घाईने गालाच्या आत सरकवला. लग्न झालं नव्हतं, पण सासऱ्यांना म्हणतात तसं तो त्यांना आत्तापासूनच मामाजी म्हणत होता.

"काम काय करून राह्यले तुमी?" मामाजींनी विचारलं.

"शहरातल्या नाल्यांवर अभ्यास आहे."

"नाल्या साफ करता?"

"नाई मामाजी. त्या का तुंबतात ते पाहतो."

"काऊन तुंबतात?"

"पन्न्यांनी."

"हे तं मले ठाऊक होतं." मामाजींनी आमच्या दोघांकडे पाहिलं. "आन् हे दोघं?"

"ते पण पन्न्यांचंच पाहतात."

मामाजींनी छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकवली. मग म्हणाले, "माहं म्हणणं इतलंच हाय. काम दिसलं पाह्यजे. शेतात गेलो तं धान दिसते. मास्तरच्या घरी गेलो तं पोरं दिसतात. इथी मले फळी दिसली, तेबी बाहेरून."

अभियंत्याने त्यांना फेलोशिप समजावली. एप्रिलमध्ये समिती येईल, काम पाहील आणि दुसरं वर्ष देईल.

"मंग दुसरं वर्ष भेटू द्या," मामाजी उठत म्हणाले. "मंग तारीख काढू. गडबड नाई."

गडबड अभियंत्याला होती. मुलीचं दुसरं स्थळ तयार होतं. माजरीच्या कोळसा खाणीत नोकरी असलेला मुलगा. त्याचं काम मैलावरून दिसत होतं.

त्या दिवसापासून दुसरं वर्ष हा अभियंत्याचा एकच ध्यास झाला. त्याने एक योजना आणली. शहराचे तीन भाग करायचे. प्रत्येक भागातल्या पानठेल्यांना एकाच रंगाच्या पन्न्या फुकट द्यायच्या. मग कुठल्या नालीत कुठला रंग सापडतो ते पाहायचं. पन्नी कुठून येते, किती वाहते, कुठे अडकते, हे नकाशावर दिसेल. समितीला दिसेल. मामाजींनाही दिसेल. बाईंना आणि मला ही कल्पना निर्दोष वाटली. तिघांपैकी एकाचंही शिक्षण थोडं कमी झालं असतं तर बहुधा तशी वाटली नसती.

पन्न्यांचे ठोक व्यापारी बाजारात होते. त्यांना सगळे चाचा म्हणत. आम्ही हिरवा, भगवा आणि निळा असे तीन रंग सांगितले. चाचांनी चष्मा काढला.

"सर, तुमाले नाल्या तुंबवायच्या हाय का शहर?"

"म्हणजे?"

"हिरवी पन्नी मी वाटली तं लोक म्हणतीन चाचाची हाय. भगवी तुमी वाटली तं म्हणतीन पार्टीची हाय. निळी नालीत पडली तं मोर्चा येईन. मंग मी बी नालीत, तुमी बी."

"पांढरी?"

"पांढरी तं आत्ता चालू हाय. तिच्यासाठीच आले ना तुमी?"

मग कोणाचाच नसलेला रंग शोधण्यात आमची सकाळ गेली. लाल नको, त्याचा झेंडा आहे. पिवळा नको, तो हळदीचा. काळी पन्नी घोटताना आतलं दिसत नाही. शेवटी चाचांनी फळीवरून एक गठ्ठा काढला.

"गुलाबी घ्या. गुलाबी आजवर कोणी मागितला नाई."

गुलाबी, जांभळा आणि तपकिरी असे तीन रंग ठरले. बसस्टँडचा भाग गुलाबी, बाजाराचा जांभळा, स्टेशनकडचा तपकिरी. फुकट पन्नी मिळते म्हटल्यावर पानठेलेवाल्यांनी नकार द्यायचं कारण नव्हतं.

पहिले काही दिवस सगळं योजनेप्रमाणे चाललं. मग लोकांनी रंगांना अर्थ लावायला सुरुवात केली. फुकट वाटलं म्हणजे सरकारने वाटलं, आणि सरकारने वाटलं म्हणजे तपासलेलं असणार, असा पहिला समज पसरला. गुलाबी पन्नीतला खर्रा 'पास झालेला' मानला जाऊ लागला. तपकिरी कडक. जांभळ्याबद्दल बाजारात असं ठरलं की तो शुगरवाल्यांसाठी आहे, कारण जांभळाच्या बिया शुगरला चांगल्या. एका निवृत्त तलाठ्यांनी मला थांबवून विचारलं की जांभळा जेवणाआधी खायचा की नंतर.

बसस्टँडवरचा माणूस कडक खर्र्यासाठी स्टेशनकडे जाऊ लागला. स्टेशनकडचा पाहुण्याला द्यायला गुलाबी आणू लागला. आधी जो खर्रा खात नव्हता, तो पास झालेला आहे म्हणून चाखून पाहू लागला. चाचांच्या दुकानातून पन्न्यांचे गठ्ठे आम्ही ठरवल्याच्या दुप्पट वेगाने उचलले जात होते. शहराच्या नाल्या पूर्वी पांढऱ्या तुंबत. आता त्या रंगीत तुंबू लागल्या, आणि जास्त तुंबू लागल्या.

मार्चमध्ये आम्ही नाल्या तपासल्या. प्रत्येक नालीत तिन्ही रंग होते. रंगांचे अर्थ हे त्याचं एक कारण. दुसरं कारण आमच्या डोळ्यांसमोर पहिल्या दिवसापासून उघडलेल्या पुडीसारखं धरलेलं होतं. खर्रा एकट्याने खात नाहीत. पुडी बाजारात घेतली जाते, बसमध्ये उघडते, कचेरीत हातोहात फिरते आणि ज्याच्या हातात संपते तो ती टाकतो. पन्नी विकत घेणारा आणि पन्नी फेकणारा यांची कित्येकदा ओळखही नसते.

बाईंना अतिशय आनंद झाला. "हाच तर निष्कर्ष आहे!" त्या म्हणाल्या. "पन्नी ही वस्तू नाही. ते नातं आहे. समितीला आपण बसस्टँडची नाली दाखवू. तिन्ही रंग एकत्र! याहून चांगला पुरावा कुठे मिळणार?"

अभियंता खुर्चीत बसला होता. त्याच्या नकाशावर बसस्टँडची नाली अंदाजानेच पूर्ण गुलाबी रंगवलेली होती, आणि तो नकाशा समितीकडे आधीच पोचला होता.

"अय्यो मॅडम," तो म्हणाला, "नकाशा चुकला तर दुसरं वर्ष गेलं. वर्ष गेलं तर माजरीवाला."

"माजरीवाला कोण?" बाईंनी विचारलं. त्यांना कोणत्याही प्रश्नाची मानवी बाजू सविस्तर सांगावी लागे.

समिती एप्रिलमध्ये आली. तीन सदस्य. अध्यक्ष नगररचनेचे वयस्क प्राध्यापक, त्यांच्याबरोबर एक अर्थतज्ज्ञ आणि संस्थेचे एक अधिकारी. पाहणी सकाळी नऊला ठरली होती. एप्रिलमधलं चंद्रपूरचं ऊन त्यांना कोणीतरी विश्रामगृहावर समजावून सांगितलं असावं, कारण पाहणी सातला होईल असा निरोप आम्हाला सातला थोडाच वेळ कमी असताना मिळाला. बाई आणि मी धावत बसस्टँडवर पोचलो.

अभियंता तिथे आधीच होता. नालीत. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात वाकवलेली तार. काठावर त्याने जांभळ्या आणि तपकिरी पन्न्यांचा ढीग केला होता. नालीत गुलाबी तेवढ्या ठेवल्या होत्या.

"हे काय चाललंय?" बाई म्हणाल्या. "हे शास्त्र नाही!"

"मॅडम, हे लग्न आहे," अभियंता म्हणाला आणि आणखी एक जांभळी बाहेर काढली.

बाई काठावरचा ढीग पायाने परत नालीत ढकलू लागल्या. अभियंता तारेने तो अडवू लागला. मी कोणाची बाजू घ्यायची या विचारात असताना चामोर्शीची पहिली बस लागली आणि तिच्यातून मामाजी उतरले. समिती येणार हे त्यांना माहीत होतं. काम दिसतं का ते पाहायला ते आले होते.

मामाजी नालीच्या काठावर येऊन उभे राहिले. त्यांनी होणाऱ्या जावयाकडे बराच वेळ पाहिलं. अभियंता तार हातात धरून तसाच उभा राहिला. माजरीवाला जिंकला असं त्या क्षणी आम्हा तिघांनाही वाटलं.

"बाप्पा!" मामाजी म्हणाले. "आज पह्यल्यांदा तुमाले काम करताना पाह्यलं."

"मामाजी, मी..."

"लाजता काऊन? आमच्याकडं तलावाचा पाट तुंबला तं पाटलाचा पोरगाबी उतरते. पाणी अडलं का कोन मोठा आन् कोन ल्हान?" त्यांनी छत्री माझ्या हातात दिली, धोतराचा काचा मारला आणि ते नालीत उतरले. उतरल्या उतरल्या दोन्ही हातांनी गुलाबी पन्न्या उपसू लागले.

"मामाजी, गुलाबी राहू द्या!" अभियंता ओरडला.

"काऊन?"

"त्या ठेवायच्या आहेत."

"रंग पाहून कचरा काडाव काय? तुमी त्या टोकाले व्हा, मी इथून येतो."

सासऱ्याला नालीत हाताने अडवणं शक्य नव्हतं. त्यात अजून लग्नही झालं नव्हतं. अभियंत्याने माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि तो त्या टोकाला गेला. तेवढ्यात वस्तीत नळ आले. सकाळी नळ आले की नाल्यांत पाणी सुटतं. ते वरच्या अंगाने आलं, मामाजींनी शेवटचा गोळा ओढला आणि त्याच्यामागे अडलेलं सगळं पाणी एकदम सुटलं. त्यातलं बरंचसं नुकत्याच जीपमधून उतरलेल्या अध्यक्षांच्या बुटांवर आलं.

बसस्टँडची नाली वाहू लागली. तळ दिसत होता.

अध्यक्षांनी बूट झटकले. हातातल्या नकाशाकडे पाहिलं. नालीकडे पाहिलं.

"प्रश्न कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"आत्ता होता," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

"आणि हे कोण?" अध्यक्षांनी नालीतल्या धोतराकडे बोट दाखवलं.

"सामाजिक घटक," मी म्हणालो. पाच वर्षं बातम्या लिहिल्यावर अशा वेळी काहीतरी सुचतं.

मामाजी वर आले, हात धुतले आणि अध्यक्षांना वयाने मोठे पाहून त्यांनी पुडी काढली. गुलाबी होती. ती उघडून त्यांनी अध्यक्षांपुढे धरली. नकार देणं म्हणजे काय हे बाईंच्या अहवालात अध्यक्षांनी वाचलेलं होतं. त्यांनी चिमूट उचलली आणि मूठ मिटण्याचा उपाय माहीत नसल्यामुळे तोंडात टाकली. थोड्या वेळाने ते बसस्टँडच्या बाकावर डोळे मिटून बसले होते, कपाळावर ओला रुमाल होता आणि अर्थतज्ज्ञ त्यांना नकाशाने वारा घालत होते. नकाशाचा समितीने केलेला तो एकमेव वापर.

"कडक लागली," मामाजी हळहळले. "पास झालेली होती तरी."

मग त्यांनी उरलेली चिमूट स्वतः खाल्ली आणि रिकामी पन्नी नालीत टाकली. पन्नी वाहत गेली, कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली. अभियंत्याने तिच्यामागे पाहत हळूच म्हटलं, "उतार बरोबर आहे."

मे महिन्यात संस्थेचं उत्तर आलं. दुसरं वर्ष नाही. अभ्यासासाठी निवडलेला प्रश्न पाहणीच्या वेळी अस्तित्वात नव्हता, असं कारण दिलं होतं. अभियंता ते सांगायला चामोर्शीला गेला आणि एकटं जायचं धैर्य नसल्यामुळे मला घेऊन गेला. मामाजी ओसरीवर होते. अभियंत्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दुसरं वर्ष मिळालं नाही. प्रश्न राहिला नाही म्हणतात. पावसाळ्यापासून एका कॉलेजात तासांवर शिकवायला जाईन, तेवढंच आहे.

"थांबा," मामाजी म्हणाले. "प्रश्न राह्यला नाई म्हणजे मिटला ना?"

"तसं नाई मामाजी..."

"मिटला का नाई मिटला?"

"त्या नालीत त्या दिवशी तरी मिटला होता."

"मंग दुसरं वर्ष कायले पाह्यजे?" त्यांनी आतल्या दाराकडे तोंड करून आवाज वाढवला, म्हणजे आत ऐकणाऱ्यांनाही कळावं. "दोन वर्षाचं काम ज्यानं एका वर्षात केलं त्याले पोरगी द्याव का नाई द्याव? माजरीवाला तीस वर्षं खणून राह्यला असता. कोळसा संपते काय?"

आतून बांगड्या वाजल्या आणि चहा आला. अभियंत्याने खुलासा करण्यासाठी तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय ठेवला.

लग्न त्याच घराच्या अंगणात झालं. बाई पुण्याहून आल्या. पंगती उठल्यावर खर्रा फिरला. मामाजींनी तो मुद्दाम चंद्रपूरहून आणवला होता, तिन्ही रंगांचा, म्हणजे कडक खाणाऱ्यांची आणि शुगरवाल्यांची गैरसोय होऊ नये. दुपारनंतर मांडवामागे भांडी घासायच्या जागेचं पाणी तुंबलं आणि मांडवात येऊ लागलं. बायका पातळ उचलून खुर्च्यांवर चढल्या. कोणीतरी फावडं आणायला पळालं.

"फावडं राहू द्या," मामाजी म्हणाले. त्यांनी सगळ्या पाहुण्यांच्या देखत नवरदेवाकडे मान वळवली. "जवाईबापू, पाहाता का जरा?"

नवरदेव उठला. मुंडावळ्या कानामागे सारल्या, सोवळं गुडघ्यापर्यंत घेतलं आणि मांडवामागे गेला. सगळं वऱ्हाड त्याच्यामागे गेलं. नवरीही उभी राहून पाहू लागली. त्याने वाकून हात घातला, चाचपलं आणि एक चिंब गोळा बाहेर काढला. पाणी वाहू लागलं. मामाजींनी पाहुण्यांकडे अशा नजरेने पाहिलं, जणू धान दाखवत होते.

गर्दीतून वाट काढत बाई पुढे आल्या. त्यांच्या हातात मसालेभाताचं ताट तसंच होतं.

"रंग कोणता?" त्यांनी विचारलं.

नवरदेवाने गोळा उलगडून पाहिला.

"तिन्ही," तो म्हणाला.

बाईंनी ताट माझ्या हातात दिलं आणि पर्समध्ये पेन शोधू लागल्या.